कानातला लगदा सुकेपर्यंत

गल्लीत तिला सगळे कानवाली म्हणत. ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्या श्रवणयंत्रासाठी कानात नेमका बसणारा साचा ती करी. पहिला साचा तिने थोरल्या भावासाठी, दादासाठी केला होता. तो बिघडला, कारण मापासाठी कानात भरलेला लगदा सुकत असताना तिने काहीतरी चेष्टा केली आणि दादा खुदकन हसला. जबडा हलला की साचा वाकडा. तेव्हापासून तिच्या कारखान्यात नियमच झाला. कानात लगदा असेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही.

आता मागणी वाढली होती आणि जागा पुरत नव्हती. भांडवल घालायला एक सासरे आणि त्यांचे जावई तयार झाले, पण त्यांना एकावन्न टक्के हिस्सा हवा होता. "आमच्या हातात आलं की ते हाताने घासायचं टेबल आधी बंद. यंत्र आणू," असं जावयाने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्या टेबलाशी दादा बसे. साचे घासून गुळगुळीत करण्यातच त्याचा दिवस जाई. दादाला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि आज तो इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या हौसेने तिच्याबरोबर त्या दोघांच्या कचेरीत आला होता.

सासऱ्यांना स्वतःलाच कमी ऐकू येई, डाव्या कानाने तर फारच. "आधी माझा साचा घेऊन दाखवा, मग पैशांचं बघू," ते म्हणाले.

तिने त्यांच्या डाव्या कानात कापसाचा बोळा सारला आणि पिचकारीने लगदा भरला. "आता बोलायचं नाही, हसायचं नाही, मानही हलवायची नाही." सासरे पुतळ्यासारखे बसले. त्यांची नजर समोरच्या जावयावर खिळली.

जावयाला दम कुठला! "तोवर आपण बोलून घेऊ. एकावन्न. बोला, करायचं पक्कं?"

'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं. यांनीही नकार दिला तर पुन्हा कोणाचे उंबरठे झिजवायचे? पण कानात लगदा होता. सवयीने तिने ओठ मिटले आणि त्या कानाकडेच बघत राहिली.

"बरं, पंचेचाळीस."

कोणी हूं की चूं केलं नाही. जावई खुर्चीत चुळबुळला. "बाबा, असे काय बघताय? जास्त मागितलं का मी?"

बाबा ढिम्म.

"चाळीस! अहो, बोला ना कोणीतरी!" त्याने कपाळ पुसलं. "चौतीस द्या, आणि ते टेबलही राहू दे तुमचं. मिटवा एकदाचं!"

लगदा सुकला. तिने साचा हलकेच ओढून काढला आणि सासऱ्यांचा बांध फुटला.

"जावईबापू, ही म्हणाली म्हणून गप्प होतो मी! चौतीस कसले? माझा कान बंद होता, मी काही ऐकलेलं नाही. एकावन्न म्हणजे एकावन्न."

आता कानवालीला बोलायला मोकळीक होती, तर तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून दादाचा नेहमीचा मोठा आवाज आला.

"चौतीस म्हणाले. टेबल राहू दे म्हणाले. मी पाहिलं."

ती दचकून वळली. तो सारा वेळ जावयाच्या ओठांवरून वाचत होता.

"कुठलं टेबल गं, चिमणे?" दादाने विचारलं. "माझं? ते जाणार होतं?"

तिला त्याच्याकडे बघवेना. तरी बघितलं, त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून. "जाणार होतं. आता नाही." मग ती सासऱ्यांकडे वळली. "चौतीस, आणि टेबल दादाचं. नाहीतर राहू द्या." आवाज कापत होता, तो तिचा तिलाच ऐकू आला.

सासरे बराच वेळ तो साचा बोटांत फिरवत राहिले. खिडकीशी नेऊन त्यांनी त्याची बारीक वळणं निरखली.

"असा आहे होय माझा कान," ते शेवटी म्हणाले. "बरं, चौतीस. उजव्याचाही घेऊन टाका."

तिने पिचकारी उचलली, तसा जावई ताडकन उठला.

"थांबा! आधी कागद करू. तुम्ही दोघं पुन्हा गप्प बसलात, तर माझं काही खरं नाही!"