माझ्यामागे लागलेलं घर

मी नववी नापास आहे आणि आमच्या घराचा नकाशा मी काढलाय.

तसा कागदावरचा खराडीच्या एका कंपनीतल्या मॅडमनी काढला होता. ही कंपनी अख्खं घर कारखान्यात तयार करते, भिंती, खिडक्या, ओटा, संडास-बाथरूम सगळं आतल्या आत बसवून, आणि मग ट्रेलरवर घालून दारात आणून देते, फ्रिज आणल्यासारखं. धायरीच्या पुढे उतारावर सासऱ्यांच्या वाटणीचा एक तुकडा होता, तिथं उभं राहिलं की समोर अख्खा सिंहगड. ह्यांनी (म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नाव घ्यायची मला अजून लाज वाटते) ठरवलं की घर तिथंच ठेवायचं.

मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. ओट्यासमोर मोठी काचेची खिडकी आणि खिडकीत सिंहगड. बिबवेवाडीच्या भाड्याच्या खोलीत सहा वर्षं मी शेजारच्या बिल्डिंगच्या संडासाच्या पाइपाकडे बघत चपात्या लाटल्यात. (पाइप कुठं गळतोय हे मला त्या बिल्डिंगवाल्यांच्या आधी कळायचं.) ह्यांना म्हटलं, मला दागिना नको, फिरायला नको, ही खिडकी तेवढी द्या.

मॅडमनी मोबाइलवर घर पाठवलं. ते आपलं गोल गोल फिरायचं. कधी छप्पर दिसायचं, कधी बुड, आणि मला गरगरायचं. मॅडम विचारायच्या, कळलं का, आणि मी अडाणी वाटायला नको म्हणून तीनदा हो म्हटलं. मग घाबरले. खिडकी भलतीकडे आली तर? कारखान्यातली भिंत, नंतर काय हातोडी घेऊन भोक पाडणार?

म्हणून रविवारी मी कबड्डीच्या ग्राउंडला मारतात ती पांढरी फक्की आणली आणि प्लॉटवर अख्खं घर खऱ्या मापाचं आखलं. इथं खोली, इथं ओटा. ओट्याची खिडकी डोंगराकडे. दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर चुलत सासूबाईंचा म्हशींचा गोठा, म्हणून तिकडे संडास-बाथरूम आणि वरती छताजवळ एवढीशी झडप. दोन्ही टोकांना एकेक दार, एका रेषेत, ही सासूबाईंची अट.

दुपारी आम्ही सगळे त्या फक्कीच्या घरात भेळ खायला बसलो. मी पाणी घेऊन आत आले तर सासूबाई कडाडल्या, "भिंतीतनं कुठं शिरतीस? दारानं ये की."

मी परत गेले, चपला काढल्या आणि दारानं आले. तोवर ह्यांनी भेळेचा कागद घेऊन मस्त मांडी घातली होती.

"ऊठ तिथनं," सासूबाई म्हणाल्या. "संडासात बसून खातोस व्हय?"

मॅडम येऊन टेपनं मापं घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, असा क्लायंट मी पहिल्यांदाच बघितला. ते कौतुक होतं का काय, मी अजून विचार करतेय.

दोन महिन्यांनी घर आलं. सगळीकडून निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि क्रेन एवढी मोठी की मी दोन पावलं मागेच सरकले. मी मुळात भित्री. मला लिफ्टची भीती वाटते, पालीची वाटते, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाटते. (पहिल्या दोन चालतात.) आणि नेमकं कंपनीच्या सुपरवायझरनी मलाच काम दिलं.

"वहिनी, खिडकीच्या बाजूला आम्ही लाल खूण केलीये. तुम्ही डोंगराकडे हात वर करून उभ्या राहा. आवाजात ऑपरेटरला काही ऐकू येत नाही. तुमचा हात दिसेल तिकडे तो लाल खूण फिरवणार. हात खाली घ्यायचा नाही."

एवढंच काम होतं. मांजर उभं केलं असतं तरी जमलं असतं.

मी उभी राहिले. कडेवर तीन वर्षांची परी, दुसरा हात वर. सुपरवायझर खाली वाकून खांबांचे बोल्ट बघत होता. हे मोबाइलवर शूटिंग करत होते. सासूबाई घड्याळ धरून, कारण मुहूर्त सव्वाअकराचा. घर उचललं, वर गेलं, वाऱ्यानं जरा हललं आणि त्याची सावली माझ्या अंगावर आली.

मग मला काही सुचलंच नाही. मागे उतार, म्हणून मी पुढे पळाले, सरळ प्लॉट ओलांडून गोठ्याच्या कमरेएवढ्या भिंतीला जाऊन चिकटले आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. हात मात्र वरच! सांगितलेलं काम मी कधी अर्धवट सोडत नाही.

ऑपरेटरनं बिचाऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि घर शांतपणे अर्धं गोल फिरवलं. सासूबाई ओरडत होत्या, टेकवा, वेळ टळतीय. घर टेकलं. बोल्ट आवळले. दारं दोन्हीकडे सारखीच आणि लाल खूण गोठ्याकडच्या बोळात गेलेली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. क्रेन निघून गेली.

सासूबाईंनी नवीन ओट्यावर दूध उतू घालवलं, सगळ्यांनी हात जोडले. मी म्हटलं, आता बघा हं, आणि खिडकीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

काचेच्या पलीकडे म्हैस होती. एवढी जवळ, की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

मग सगळ्यांनी ऑपरेटरला शिव्या घातल्या आणि मीही त्यात दोन घातल्या. (देव मला माफ करो.) हे रागानं म्हणाले, माझ्याकडे शूटिंग आहे, कंपनीला पुरावाच पाठवतो. आणि सगळ्यांसमोर लावलं. त्यात मी पोरीला घेऊन हात वर करून पळतेय आणि ते एवढं मोठं घर हवेत वळून माझ्यामागे लागलंय.

हे म्हणाले, "अगं, तू गोठ्यापाशी काय करत होतीस?"

"भ्याले," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

कंपनीवाले भले होते. पंधरा दिवसांनी क्रेन आणून फिरवून देतो म्हणाले. पण सासूबाईंनी हात जोडले. "दूध उतू गेलं, घर लागलं. आता ते पुन्हा हवेत न्यायचं नाय." झालं. माझी खिडकी म्हशीला गेली.

चार दिवस मी खिडकीकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. पाचव्या दिवशी चुलत सासूबाईंनी काच वाजवली आणि बाहेरूनच धारोष्ण दुधाचं पातेलं आत दिलं. मग ते रोजचंच झालं. दुधाबरोबर गावातल्या सगळ्या बातम्या येतात, परी खिडकीत बसून म्हशीला भाकरी भरवते आणि स्वतःही न रडता खाते. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलंय.

आणि एकदा आंघोळ करताना वाफ जायला म्हणून बादली उपडी घातली, वर चढून झडप उघडली, तर समोर सिंहगड. टीव्हीच्या टॉवरसकट, एवढ्याशा चौकटीत अगदी नेमका. मी तिथंच उभी राहिले. बाहेर कुणी आई म्हणत नव्हतं, कुणी चहा मागत नव्हतं. अर्धा तास गेला.

आता मी दिवसातून तीन-चारदा जाते.

परवा सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून खिडकीतून चुलत सासूबाईंना सांगत होत्या, "सून गुणाची हाय गं माझी. फक्त पोटानं लई नाजूक."

भिंती कारखान्यातल्या, पातळ, मला सगळं ऐकू आलं. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. पण गडावरचे ढग नुकते बाजूला होत होते, म्हणून मी आतूनच जरा कण्हले आणि बादलीवर टाचा उंच केल्या.