रविवारी भांडायला येणाऱ्या नसीमबाई

नसीमबाई गेल्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला, सरांच्या नाही. सर म्हणजे आमचे हे. कर्जतच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. सगळं भिसेगाव त्यांना सर म्हणतं, म्हणून इथं मीही तेच म्हणते. फोनवर नसीमबाईंची लेक रेहाना रडत होती. "काकी, मम्मी गेली... सरांना मी नाय सांगू शकत, तुमीच सांगा." सर बाहेर गॅलरीत चहा पीत बसले होते. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले. त्यांचा चहा तरी संपू दे, अशी मनाची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर नसीमबाईंबद्दलची एक गोष्ट पहिल्यांदाच मला आधी कळली होती, आणि ती जरा वेळ माझ्यापाशीच राहावी असं मला वाटत होतं. मग बाहेर जाऊन सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

या 'बरं'वर आमचा संसार झाला आहे. गॅस संपला, बरं. मुलीला पुण्याचं स्थळ आलंय, बरं. एकदा मी चिडून म्हटलं, उद्या लोधिवलीला माहेरी जाते ती परत येतच नाही. तर म्हणाले, "बरं, छत्री ने." शेजारणी म्हणतात, किती शांत नवरा मिळाला हो तुम्हाला! ज्याचं जळतं त्याला कळतं. हाच शांत माणूस रविवारी सकाळी नसीमबाई दारात आल्या की त्यांनी चपला काढायच्या आत त्यांच्यावर तुटून पडायचा. आवाज चढायचा, हातवारे सुरू व्हायचे, चष्मा कपाळावर जायचा. खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी तर एकदा येऊन विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, सैन्य माघारी घ्यायचं चाललंय.

सुरुवात झाली ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेपासून. अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानात जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि तालुक्याच्या स्पर्धेला विषय आला, 'व्यापलेल्या देशातून परकीय सैन्याने तात्काळ माघार घ्यावी.' अनुकूल बाजूची मुलं सरांकडे दिली, प्रतिकूल बाजूची नसीमबाईंकडे. त्या मराठी शिकवायच्या. नेरळच्या कोकणी मुसलमान घरातल्या, खळ दिलेली सुती साडी, वर्गात बोलणं असं की व्याकरणाच्या पुस्तकानं मान खाली घालावी. तावात आल्या की मात्र हाय-नाय सुरू. मुलांची तालीम आमच्या हॉलमध्ये व्हायची. मुलं तालुक्यालाच हरली आणि आठवड्यात विषय विसरली. हे दोघं विसरले नाहीत. नसीमबाई पुढच्या रविवारीही रिक्षा करून आल्या, त्याच्या पुढच्याही आल्या, आणि मी दर रविवारी घावणे करू लागले.

सरांचं म्हणणं, परक्या सैन्यानं उद्या जायचं तर आजच जावं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे सगळ्या जगाच्या इतिहासात लिहिलेलं आहे. नसीमबाई म्हणायच्या, "सर, छप्पर पडायला आलं म्हणून खांब लावलाय. खांब परका हाय, मान्य. पण नवी तुळई बसवायच्या आधी काढलात, तर खाली झोपलेलं कोण मरंल?"

"आणि खांब लावणाऱ्यानंच भिंत पाडली असेल तर?"

"तर त्याला बिलकूल सोडू नका. पाडलीय ना? उभी करून जा म्हणावं."

"अहो बाई, तो रोज सांगणार, तुळई अजून ओली आहे, तुळई अजून ओली आहे!"

असं तासन्‌तास. मी आत तव्यासमोर उभी राहून सगळं ऐकायचे. दोघांचे मुद्दे मला इतके पाठ झाले की एखादा सर विसरले तर मला चुकचुकल्यासारखं व्हायचं. लोकांच्या मनात येईल तसलं त्यात काही नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं, त्याला उपाय असतात, चार मोठी माणसं बोलावता येतात. पण माझा नवरा दुसऱ्या बाईशी भांडतो आणि माझ्याशी भांडत नाही, ही तक्रार घेऊन मी कुणाच्या दारात जाणार होते? मला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिच्या साडीचा नाही, शिक्षणाचाही नाही... तिचं बोलणं खोडून काढावंसं त्यांना वाटायचं, याचा.

एकदा मीही प्रयत्न केला. घावण्यांचं ताट ठेवता ठेवता म्हटलं, "अहो, पण सैन्य एकदम कशाला न्यायचं? थोडंथोडं नेलं तर?" सर म्हणाले, "बरं," आणि पुन्हा तिकडे वळले. नसीमबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "थांबा सर. वहिनी काय म्हणतात ते ऐका की. थोडंथोडं म्हणजे कसं, वहिनी? आधी कुठलं न्यायचं?" झालं! माझ्याच घरात मला बोलायची पाळी आता ही बाई देणार? माझ्या डोक्यातलं सगळं पळालं. "काही नाही, घावणा करपतोय," म्हणून मी आत गेले. तव्यावर घावणा घातलेलासुद्धा नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते अमेरिकेचं सैन्य खरंच निघालं. टीव्हीवर विमानामागे धावणारी माणसं दिसली, आणि रविवार नसतानाही नसीमबाई आल्या. आम्ही तिघं बघत बसलो. मुलींच्या शाळांचं काय होणार, असं बातम्या देणारी विचारत होती. नसीमबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सर म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं."

"आज नको सर," त्या म्हणाल्या. "बरोबर असून काय करू मी? ... रविवारी भांडू."

माझेही डोळे भरून आले होते. ते सगळं पाणी त्या धावणाऱ्या माणसांसाठी होतं, असं शपथेवर सांगता येणार नाही. 'तुझं बरोबर होतं' हे मी लग्न झाल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं. आणि मी बरोबर असायचे! गच्ची गळणार हे मी सांगितलं होतं, प्लंबर फसवणार हेही सांगितलं होतं. पुढच्या रविवारी नसीमबाई ठरल्याप्रमाणे आल्या. सैन्य घरी पोचलं तरी यांचा वाद काही घरी जाईना. आता ते आधीच निघायला हवं होतं की आणखी थांबायला हवं होतं, यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू. सरांनी त्या दिवशीचं बोलणं बिनदिक्कत मागे घेतलं होतं. नसीमबाईंना त्याचा कोण आनंद!

गेल्या वर्षी त्यांचं पोटाचं दुखणं निघालं आणि येणं थांबलं. सर दोनदा नेरळला जाऊन आले, दोन्ही वेळा घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. मग एका दुपारी मी एकटीच तांदळाची पेज घेऊन गेले. नसीमबाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पार उतरलेला. पेज दोन चमचे घेतली, चांगली झालीय म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "वहिनी, सर येतात आन नुसते गप बसतात. परवा मी मुद्दाम डिवचलं, सैन्य आणखी धा वर्षं ऱ्हायला हवं होतं. तर काय म्हणाले ठावं हाय? बरं म्हणाले. तवाच मला कळलं, माझं काय खरं नाय आता."

मला आत कुठंतरी आनंद झाला. लपवून काय करू? मनात म्हटलं, आता समजलं ना, 'बरं' कसं लागतं ते! आणि लगेच त्यांच्या हाताच्या काड्या दिसल्या आणि पेजेचा डबा उगीचच बंद करत बसले.

"तुमी भांडत जावा त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

"आमच्यात भांडण होत नाही."

"आमच्यात तरी कुठं? आमचे हे जलमभर दुबईला. महिन्यातून एक फोन, त्यात खुशाली इचारायची का भांडायचं? ... म्हणून तर येत होते, वहिनी. मी बोलले की खोटं पाडायला कुणीतरी लागतं. नायतर माणूस हाय का नाय, कळत नाय."

हे तर अगदी माझंच दुखणं होतं. त्यांचा हात हातात घ्यावा, असं शहाण्या बाईच्या मनात आलं असतं. माझ्या मनात आलं, म्हणजे आता माझाच नवरा ही मला ओटीत घालून देणार! हात मी घेतला, नाही असं नाही. पण निघताना.

त्या गेल्यावर सर दफनाला जाऊन आले. मी नसीमबाईंच्या घरी बायकांमध्ये बसले होते. मी सरांची बायको असं रेहानानं सांगितल्यावर एक म्हातारी म्हणाली, "सर म्हंजी ते भांडखोर?" सगळ्यांना हसू आलं आणि मग पुन्हा रडू आलं. मला वाटलं, या घरात ज्या माणसाला भांडखोर म्हणतात, तो माणूस मला अजून भेटलेलाच नाही.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. सर पेपर उघडायचे आणि तेच पान समोर धरून बसायचे. घावणे करायचे मी बंद केले. गेल्या रविवारी टीव्हीवर दुसऱ्याच एका देशाची बातमी चालली होती, दुसरंच सैन्य, तेच रणगाडे, माघारीची बोलणी चालू आहेत म्हणे. मी समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "हे आत्ता निघून गेले तर मागे राहिलेल्यांचं काय?"

"बरं," सर म्हणाले.

"बरं काय? मी विचारतेय. जाणाऱ्याला विमान असतं. राहणाऱ्याला काय असतं?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हणजे सैन्यानं तिथंच ठाण मांडायचं?"

"मांडू दे की! घरं पाडली त्यांनी, बांधून देऊन जाऊ देत."

"आणि बांधतोय बांधतोय म्हणत पन्नास वर्षं राहिले तर?"

"तर तेव्हा हाकला. आत्ता हाकलून तुम्हाला कसलं समाधान मिळणार? पुस्तकात लिहिलंय ते खरं ठरल्याचं?"

सर खुर्चीत पुढे सरकले. चष्मा वर गेला, बोट उगारलं गेलं, आणि कित्येक महिन्यांनंतर घरात तो आवाज घुमला, "अहो नसीमबाई, इथंच तर तुम्ही चुकताय!"

काय बोलून गेले, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. डोळे चमकत होते, पुढचा मुद्दा ओठांवर होता. माझा नवरा पहिल्यांदा माझ्याशी भांडत होता आणि भांडण तिच्याशी चाललं होतं. वाटलं, उठावं आणि तडक आत निघून जावं... पण मी आत गेले असते, तर सर पुन्हा गप्प झाले असते.

"मी नाही चुकत," मी म्हटलं, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.