पान कोरं करून आण

"डुकरं कोनाची होती? त्याले भरपाई भेटली का?"

माझ्या बायबलच्या कडेला मी पेन्सिलीने लिहिलेले हे वाक्य पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून वाचले. माझ्या बोलीची नक्कल करत वाचले. 'कोनाची' या शब्दावर मुद्दाम थांबले. देवळात हशा पिकला. पुढच्या बाकांवर जुनी ख्रिस्ती घराणी बसत, मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात नोकरीला असलेली. त्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी उभा होतो. मला पुढे बोलावून उभे केले होते.

"बैलांचा दलाल आहे हा," साहेब मंडळीला म्हणाले. "शास्त्रातही जनावरांचीच किंमत शोधतो."

पुन्हा हशा.

आणीबाणी उठल्यानंतरची ही गोष्ट. मी कारध्याचा. आंधळगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचो. चौथीत शाळा सुटली. बापाने मागे काही ठेवले नव्हते. जे उभे केले ते जिभेच्या आणि बोटांच्या जोरावर. दुपट्ट्याखाली हात घालून बोटे दाबायची, भाव ठरवायचा, दोघांना मधे आणून सौदा जुळवायचा. सौदा न जुळवता मी बाजारातून उठलो, असे फार कमी वेळा झाले.

माझी मुलगी शेवंता तापाने गेली, त्या वर्षी बाजारात एक जण शास्त्र, म्हणजे हे बायबल, वाटत फिरत होता. मला तो फुकट देऊ लागला. मी घेतले नाही. फुकटाच्या वस्तूबद्दल तोंड उघडता येत नाही. घासाघीस करून विकत घेतले. मग रोज पहाटे, बाजाराला निघण्याआधी, कंदिलाशी बसून वाचू लागलो. जे पटले तिथे रेघ. जे पटले नाही तिथे कडेला प्रश्न. दिवसभर राबलेल्या मजुराला आणि सांजच्याला आलेल्याला धन्याने सारखीच मजुरी दिली, तिथे मी लिहिले: 'सकाळपासून राबला त्याच्या मनाचं काय?' भुते शिरून डुकरांचा कळप पाण्यात बुडाला, तिथे डुकरांच्या मालकाचे विचारले. जनावर बुडाले की घर कसे बसते, हे मी पाहिले आहे. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले तेव्हा कळले की आधी पाळकसाहेब परीक्षा घेतात. इथे मी फसलो. आमच्या धंद्यात इमानाचा दलाल जनावराचे ऐब आधी सांगतो. बैल बुजतो, डावीकडे ओढतो, गाडीखाली बसतो, सगळे आधी सांगायचे. मग घेणारा घेतो आणि सौदा परत येत नाही. मी माझे ऐब तसेच पुढे ठेवले. शास्त्र त्यांच्या हातात दिले आणि म्हणालो की जे जे पटले नाही ते आत लिहिले आहे, पाहून घ्या आणि मग मला घ्या. वाटले, खोलीत बोलावतील, एकेक प्रश्न घेऊन बसतील. त्यांनी शास्त्र ठेवून घेतले आणि रविवारी व्यासपीठावर उघडले.

डुकरांवर मंडळीने हसून घेतल्यावर त्यांनी पाने उलटली. एका अधिकाऱ्याची मुलगी मरते, प्रभू तिचा हात धरून तिला उठवतो, ते पान. तिथे कडेला मी लिहिले होते. त्यांनी तेही वाचले. त्याच नकलेच्या आवाजात.

"माही शेवंता काहून नाई उठली?"

काही जण सवयीने हसले. मग थांबले. बायकांच्या बाजूला शेवटी माझी बायको बसली होती. तिला वाचता येत नाही. मी काय लिहिले होते, हे तिला तिथे कळले. त्या आवाजात कळले.

"विश्वास नसलेला माणूस असे लिहितो," साहेब म्हणाले. खिशातून रबर काढून त्यांनी शास्त्रावर ठेवले. "हे सगळं पूस. पान कोरं करून आण, मग तुझा बाप्तिस्मा."

मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा. बाजारात दारू प्यालेला माणूससुद्धा मला तुमी म्हणे.

माझा हात लवकर उठतो. बाजाराला ठाऊक आहे. तिथेही उठला असता. पण बायको जागची उठून दाराकडे निघाली होती. मी शास्त्र उचलले, रबर खाली पडले, आणि तिच्या मागे बाहेर पडलो.

घरच्या वाटेवर वैनगंगेच्या पुलापर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. पुलावर म्हणाली, "तिचं नाव पुसाल तं मी त्या घरात राहात नाई."

दोनचार दिवसांनी मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर आला. भला माणूस. साहेबांनीच पाठवला होता. खाटेवर बसून चहा घेतला आणि म्हणाला की बाकीचे सगळे राहू द्या, फक्त डुकरांची आणि पोरीची ओळ पुसा. साहेबांचाही मान राहते, तुमचंही काम होते. मी ऐकत होतो. ही माझीच विद्या होती. भांडलेल्या भावांना मी असेच मधे आणले होते.

"काहून अडून बसले, भाऊ?" तो म्हणाला. "दोन ओळी तं हायेत."

"दोनच ओळी हायेत तं त्याईले काहून खुपून राहिल्या?"

"देवाशी सौदा नाई करत माणूस."

"देवाशी नाई करून राहिलो. बैल असता तं तुमच्या शब्दावर देला असता. हे नाई देत."

त्याने कप खाली ठेवला आणि गेला. त्या साहेबांकडून पुढे दुसरा कोणी आला नाही.

माझा बाप्तिस्मा झाला नाही. त्या देवळात मी पुन्हा पाऊल ठेवले नाही. साहेबांची बदली झाली, दुसरे आले, तेही निरोप धाडून थकले. मी पहाटे वाचतो आणि लिहितो. आता बायको शेजारी बसते. मी लिहिलेले तिला आधी वाचून दाखवतो, माझ्या आवाजात, आमच्या बोलीत. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा कडक असतात. तेही लिहितो.

शेवंताचा प्रश्न ज्याला विचारला, त्याने उत्तर द्यावे. नाही दिले तर मी मरेपर्यंत विचारीन. मी जन्मभर दलाली केली आहे. दलाल कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे मला कोणी शिकवू नये.