किलक वाजणारा पेचकस

आमचे हे सचिन गावाला पॉवरलूमवर फिटर. लूमचे नट आवळून आवळून मनगट असं झालेलं, की लोणच्याच्या बरणीचं झाकण यांनी लावलं तर उघडायलाही यांनाच बोलवावं लागे. पाळीवरून आले की डिंडोलीच्या घरात, पुढच्या खोलीत टेबल मांडून शेजारपाजारचे रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत बसायचे. त्यातच त्यांचा सगळा जीव. आतलं काम झकास, पण शेवटचा स्क्रू आवळताना प्लास्टिक कडकन तडकायचं! वर हेच म्हणणार, "हल्ली मालच हलका येतो." हळूहळू लोक रेडिओ दुसरीकडं न्यायला लागले. हे रिकाम्या टेबलावर नुसतं फडकं फिरवत बसायचे. मला ते बघवेना.

मग यांना कामावर कुणीतरी टॉर्कच्या पेचकसाचं सांगितलं. किती जोर लावायचा ते आधी ठरवून द्यायचं, तेवढा झाला की तो सांगतो. मी म्हटलं, "चला! मी सांगून दमले, आता पेचकसाचं तरी ऐकाल."

दुकानदारानं दोन पुढ्यात ठेवले. एकावर सुई होती, दुसरा वाजणारा. "सुईकडं बघत बसायला मी काय घड्याळवाला आहे?" म्हणत यांनी दुसरा उचलला.

"किलक बोले एटले बंध, काका," किलक वाजलं की थांबायचं, असं दुकानदारानं गुजरातीत बजावलं.

लाकडाच्या ठोकळ्यात स्क्रू होता. किलक वाजलं. यांचा हात चालूच. पुन्हा किलक, पुन्हा किलक.

"मुका आहे हा. तसलाच दुसरा दाखवा."

दुसराही यांच्या हातात तसाच मुका. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. लूमच्या खडखडाटानं यांचे कान गेले होते, आणि मी अख्ख्या सोसायटीला सांगत फिरत होते की आमचा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो! दुकानदार सुईचा पेचकस पुढं सरकवायला लागला, पण मग दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर यांच्या कानांचाही विषय निघाला असता.

"हाच द्या," मी मोठ्यानं म्हटलं. "मला आवडला."

चिडले की हे थेट अहिराणीवर. "तुले काय समजस यामा?"

"तुमच्याएवढंच!"

त्या दिवसापासून मी तांदूळ निवडायला टेबलाशेजारीच बसायला लागले. किलक वाजलं की यांच्या गुडघ्यावर टपली. "कळतंय गं मला," हे गुरकावायचे, पण हात थांबायचा. रेडिओ परत यायला लागले. "हत्यार असावं तर असं!" म्हणून हे येईल त्याला पेचकस दाखवायचे, आणि मी तांदळात मान घालून हसायचे.

पुढं बहिणीच्या बाळंतपणाला मी धुळ्याला गेले. परतले तर टेबलावर रेडिओच रेडिओ. सगळे दुरुस्त झालेले, पण एकाचंही मागचं झाकण लावलेलं नाही. स्क्रू बशीत तसेच.

"हे काय हो?" मी यांच्या समोर जाऊन विचारलं.

"तू गेलीस आणि हा परत मुका झाला," पेचकस पुसत हे म्हणाले. "बस जरा इथं."