अण्णांचं ‘स्वल्प थांब’

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी कँटीनमध्ये आमच्या साहेबांची नक्कल करत होतो. आमच्या नाटक मंडळाचे सेक्रेटरी मल्लेश्वरमहून आले आणि म्हणाले, "अण्णा गेले रे..." साहेब तोंडातच राहिला.

अण्णा म्हणजे मंडळाचे आवाजवाले. घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. विंगेत बसून पत्रा हलवला की ढग गडगडायचे, करवंट्या आपटल्या की घोडे दौडायचे. प्रत्येक आवाजाआधी बोट वर करून ते पुटपुटायचे, "स्वल्प थांब." म्हणजे जरासं थांब. नटाचं वाक्य संपून श्वास खाली बसला की मगच घोडा निघायचा. मी निपाणीचा, मास्तरांच्या नकला करून छड्या खाल्लेला. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं, नक्कल तोंडानं नाही, कानानं करायची असते.

मग मंडळात टेपरेकॉर्डर आला. आवाज एकदाच भरून ठेवायचे, अण्णांना आराम, असं ठरलं. आराम म्हणजे काय ते अण्णांना बरोबर कळलं होतं. तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दुपारभर मशीनपुढे घोडे दौडवले. सवयीनं प्रत्येक घोड्याआधी "स्वल्प थांब" म्हणाले, तेही फितीवर उतरलं. पहिल्याच प्रयोगात महाराजांची स्वारी निघायची, तर कर्ण्यातून आधी "स्वल्प थांब". हॉल हसून लोळला.

सेक्रेटरींनी ते कापायला मला सांगितलं. मी कात्री घेऊन बसलो, अण्णा शेजारी. मी आगाऊपणे विचारलं, "शिंप्यासारखं जमतंय ना, अण्णा?"

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "घोडे ठेव. माणूस काप."

मी हसलो. तेही हसले, माझ्यापेक्षा जरा उशिरा.

पुढच्या प्रयोगाला ते खुर्चीत, प्रेक्षकांत. महाराजांचं वाक्य अर्धंच झालं होतं आणि फितीतले घोडे सुटले. अण्णांचं बोट आपसूक वर गेलेलं मी विंगेतून पाहिलं. मशीनला कुठलं दिसायला...

ते गेल्यावर मी कापलेले तुकडे शोधले. केराबरोबर कधीच गेले होते. फितीवर अण्णांचे घोडे आहेत, ढग आहेत, अण्णा नाहीत.

म्हणून आता बटण दाबायच्या आधी मी बोट वर करतो आणि त्यांच्याच आवाजात पुटपुटतो, "स्वल्प थांब." गेल्या प्रयोगात ते स्टेजवर ऐकू गेलं. महाराजांचं काम करणारे आमचे थोरले नट वाक्य संपवून विंगेकडेच बघत राहिले...

घोडा मी जरा उशिरानंच सोडला.