एडिथ आत्याचं पेव

एडिथ आत्या दुपारी झोपायची नाही, पण पुरती जागीही नसायची. घराच्या सावलीत चटई टाकून, सुपारीचा तोबरा एका गालात धरून ती समुद्राकडे बघत बसायची आणि मध्येच एखादं वाक्य अर्ध्यातून सुरू करायची.

"...आणि त्यांना खड्डा मढवायला पानं तरी कुठून मिळणार?"

"कुणाला, आत्या?"

"वाळवंटातल्या बायकांना," ती म्हणायची. जशा काही त्या आत्ताच तिला झऱ्यावर भेटल्या होत्या.

हे खूळ तिच्या डोक्यात एलिसन उपदेशकाने घातलं. एका रविवारी त्याने मान्नाची गोष्ट सांगितली. देव इस्राएल लोकांना रोज सकाळी आकाशातून अन्न द्यायचा आणि त्या दिवसापुरतंच वेचा म्हणायचा. ज्यांनी उद्यासाठी ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. "ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला साठवण लागत नाही," एलिसन म्हणाला. अर्धं चर्च डुलक्या घेत होतं. आत्याची पाठ मात्र ताठ झाली, कारण बेटावरचं सगळ्यात खोल पेव तिचं होतं.

आमची पेवं नीरफणसाची. हंगामात फळं सोलायची, फोडी सुकत टाकायच्या, मग पानांनी मढवलेल्या खड्ड्यात दाबून भरायच्या. वर पानं, त्यावर दगड. आत ते वर्षानुवर्षं आंबत राहतं. वास असा, की परका माणूस दोन घरं अलीकडेच थांबतो. माझं अर्धं बालपण त्या खड्ड्यात कंबरेपर्यंत उतरून कुजकी पानं बदलण्यात गेलं. शाळेत माझ्याशेजारी कुणी बसत नसे, आणि त्याचा राग मला अजून आहे. पण वादळात झाडं मोडली, अळूच्या वाफ्यांत खारं पाणी शिरलं, की गाव त्या आंबलेल्या गोळ्यांवरच तगतं.

आत्या पेव एवढं का भरायची ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मोठं वादळ झालं. त्या उपाशी वर्षात तिची पहिली मुलगी गेली, पाच महिन्यांची. आत्याचं दूध आटलं होतं. नवरा शेजारच्या राकेईंच्या घरी मागायला गेला. त्यांच्या पेवावर दगड गच्च रचलेले होते. घरधनी दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "आमचंच आम्हाला पुरत नाही."

त्याला चाळीस वर्षं झाली. तो धनी मेला, त्याची बायको एकटी उरली. लग्न झालेल्या बाईला आमच्याकडे घराच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती नाउ राकेई. तिच्या दारावरून जाताना आत्या मान फिरवायची आणि आम्हा पोरांनाही फिरवायला लावायची. ती गोष्ट तिने गावात इतक्यांदा सांगितली, की राकेईंच्या दोन मुलांना बेटावर कुणी मुलगी दिली नाही. दोघं राजधानीला, होनियाराला गेले ते तिकडचेच झाले.

त्या रविवारनंतर आत्याला एक स्वप्न पडू लागलं. ओहोटी लागली आहे, प्रवाळाच्या उघड्या खडकांवर पांढरं काहीतरी सांडलं आहे आणि लांब झग्यातल्या बायका ते वाकून वाकून वेचताहेत. आत्या किनाऱ्यावरून हाका मारते, "अगं बायांनो, पेव खणा." त्यातली एक वळून बघते आणि हसते. तिच्या कडेवर मूल असतं. रोज सकाळी आत्या हे मला तपशिलाने सांगायची. त्या मुलाच्या हातात काय होतं, ते कुणासारखं दिसत होतं, ते मात्र कधी सांगायची नाही.

शेवटी ती पेवातला गोळा पानात बांधून एलिसनकडे गेली. मला बरोबर नेलं, कारण गोळा मीच उचलायचा होता. तिथे तिने पान उघडून त्याच्या नाकापुढे धरलं.

"यात किडे आहेत का बघ."

"आत्या, जरा लांब धरा ना."

"सात वर्षांचा आहे. सडलाय की टिकलाय, तेवढं सांग."

एलिसनने श्वास रोखून बघितलं. "टिकलाय."

"मग देव त्या लोकांवर रागावला तो साठवलं म्हणून, की लपवलं म्हणून?"

"पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

"म्हणून तर तुला विचारलं. पुस्तक मलाही वाचता येतं."

परतीच्या वाटेवर आत्या एका ओंडक्यावर बसली. मग म्हणाली, "एलिसन चुकला नाही, पोरी. माझा भरवसा नव्हताच. पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे. एक दिवस ती राकेई माझ्या दारात येईल आणि मी आडवी उभी राहीन, एवढ्यासाठी मी हे भरत आले. इतकी वर्षं मी देवाकडे वादळच मागत होते की काय, कोण जाणे."

आत्याला लहानपणापासून घाबरत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा तिची कीव आली. त्या हंगामातही तिने पेव भरलंच. "माझ्या मनात काय आहे ते मला कळेना झालंय," एवढंच म्हणाली.

वादळ जानेवारीत आलं. आम्ही दोन दिवस डोंगरातल्या गुहेत होतो. उतरून आलो तर बेट ओळखू येईना. झाडांवर पान नव्हतं, त्यामुळे जिथे कधी ऊन पडलं नव्हतं तिथे लख्ख उजेड होता. माणसं त्या उजेडात हलक्या पावलांनी फिरत होती, बोललं तर जाग येईल अशी. माणूस कुणी गेलं नव्हतं. खायला मात्र काही उरलं नव्हतं.

आत्याने पेवावरचे दगड बाजूला केले. पहिल्या दिवशी सात घरं आली, चौथ्या दिवसापर्यंत सगळं गाव येऊन गेलं. ज्या पोरांनी शाळेत माझ्याशेजारी बसायला नाक मुरडलं होतं, ती आता बाप्ये होऊन पान पसरून उभी होती. मी त्यांना थोडं ताटकळत ठेवलं, खोटं कशाला बोलू. आत्या सगळ्यांना देत होती, पण तिची नजर वाटेवर होती. नाउ राकेई आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, छप्पर उडालेल्या चर्चमध्ये आम्ही प्रार्थनेला उभे होतो. 'आमचं रोजचं अन्न आज आम्हाला दे' म्हणून झालं आणि पुढची ओळ आली, जशी आम्ही क्षमा करतो. तेवढ्यात आत्या वळली आणि प्रार्थना चालू असतानाच बाहेर पडली. मी मागे धावले. तिने घरून भाजलेल्या गोळ्यांची पुडी घेतली आणि थेट राकेईंच्या घरी गेली.

घर एका अंगावर कललं होतं. म्हातारी आत भिंतीला टेकून बसली होती. आत्याने पुडी तिच्यापुढे ठेवली. तिने वाटेत काहीतरी जुळवलं असणार, कारण ती एका दमात म्हणाली, "तुम्ही दिलं नाहीत. मी देतेय. झालं गेलं मी सोडलं."

नाउ राकेईने पुडीला हात लावला नाही. "एडिथ," ती म्हणाली, "आमचं पेव रिकामं होतं."

"वर दगड होते की," आत्या म्हणाली.

"आधीच्या वर्षी ह्यांनी भरलंच नव्हतं. आळस म्हण, काही म्हण. गावाला कळू नये म्हणून वर दगड रचून ठेवले. मला शपथ घातली होती. आमचाही एक मुलगा त्याच महिन्यात गेला. तापाने गेला, असं आम्ही सांगितलं."

बाहेर कुणीतरी वासा ठोकत होतं. मग आत्या अगदी हळू म्हणाली, "सांगायचं होतंस गं. आमच्याकडे रानातली मुळं होती. दोन आणून दिली असती."

क्षमा करायला आलेली माझी आत्या खाली वाकली आणि तिने म्हातारीच्या गुडघ्याला नाक टेकवलं. आमच्याकडे चूक कबूल करायची ती अशी. बेटाच्या सरदारापुढेही तिला इतकं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुझी मुलं माझ्या तोंडामुळे बेट सोडून गेली," ती गुडघ्यातच बोलली. म्हातारीने तिच्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

"तुझ्या पोरीचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"लिडिया," आत्या म्हणाली.

मी तिची सख्खी भाची, तिच्याच हाताखाली वाढलेली. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.