फिलूचं खमीर

ईशान्येच्या डोंगरात आमच्या महिला बटालियनची एक पोस्ट होती, तिथे माझं पोस्टिंग झालं. मी हवालदार, वायरलेस सेटवर. गाव पेडण्यातलं धारगळ. गोव्याची दुसरी एकच, हवालदार फिलोमेना, डिचोलीच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची मुलगी. आमची फिलू.

काम काय, तर रोड ओपनिंग. पहाटे पार्टी निघायची, सुरुंग नाही ना बघत सगळा रस्ता पायी तपासायची, मग गाड्या सुटायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तेच दगड. तुम्ही म्हणाल, याला काय अर्थ? अहो, आम्हीही म्हणायचो.

फिलूने मात्र तिथे फोर्न बांधला होता, मातीची भट्टी हो, बापाकडे होती तशी. चपात्यांना विटलेल्या हरयाणाच्या मुलींना ती पोयो, म्हणजे आमचे कोंड्याचे पाव, खाऊ घालायची. आमच्याकडे पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. तिकडे माड कुठला? म्हणून दर वेळी मूठभर आंबलेलं पीठ ती पुढच्या दिवसासाठी राखून ठेवी. तेच खमीर. त्याला हात लावाल तर हात मोडीन, ही तिची स्टँडिंग ऑर्डर.

निघण्याआधी पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि खिशातल्या बायबलातलं एक स्तोत्र वाचायची. रोज तेच. माणूस म्हणजे सकाळी उगवलेलं तण, सांजेला वाळणार. आयुष्य म्हणजे एक उसासा. मला ऐकवेना.

त्या सकाळी म्हटलंच, "काय गो फिलू, ड्युटीक जाताना ह्या मरणाचा कित्याक वाचतंस?"

"रडूक."

"मगे रड आणि मोकळी हो. देवाक कित्याक तरास?"

बूट बांधता बांधता हसली. "बंद दाराकडे कोण रडता गो? आयकणारो आसा म्हणान माणूस रडता. आणि तू शेवट खंय आयकतंस? शेवटाक मागलासा, आमच्या हातानी केलेला तरी उरांदी. बरा, पिठार लक्ष ठेव."

गेली.

सहा चाळीसला धमाका झाला. शेडचे पत्रे हलले. सेट बोलला, "बेस, फॉर अल्फा. ब्लास्ट. वन फेटल. ओव्हर."

"अल्फा, फॉर बेस. ऑल अदर्स सेफ? ओव्हर."

सेटवर नाव घेत नाहीत, शिस्त आहे. पलीकडची पोर म्हणाली, "बाकी ठीक. दीदी... आपके गोवा वाली."

"रॉजर," मी म्हटलं. कमांडर मॅडमना कळवलं. हेलिकॉप्टर मागितलं. सगळं बरोबर केलं.

धुकं होतं, हेलिकॉप्टर दुपारशिवाय येणार नव्हतं. फिलूला स्ट्रेचरवरून आणलं. मी लंगरात, आमच्या स्वयंपाकघरात, गेले. का गेले, विचारू नका. पातेल्यावरचं फडकं वर आलं होतं. पीठ फुगत होतं. मळणारी गेली, आणि पीठ आपलं फुगत होतं. धमाक्याने हलले नव्हते तेवढी मी तिथे हलले.

कुकने विचारलं, "फेंक दूँ, दीदी?"

"हाथ मत लगाना."

मूठभर बाजूला काढलं. फोर्न पेटवला. बाहेर मॅडम विचारत होत्या, "कोई इनकी प्रार्थना जानता है?" पाद्री नव्हता. मी रवळनाथाला नारळ देणारी बाई. पण रोज कानावर पडून ते स्तोत्र पाठ झालं होतं. तिच्यापाशी उभी राहून म्हटलं. तणाशी आवाज गेला. तरी शेवटापर्यंत नेलं. आमच्या हातांनी केलेलं उरू दे.

पोयो खालून करपल्या, आत कच्च्या राहिल्या. फिलूने माझे हात मोडले असते. मुलींनी एक तुकडा टाकला नाही.

दुसऱ्या सकाळी पार्टी निघाली. तोच रस्ता.

पुढे दुसरी कंपनी आली. हँडिंग-ओव्हरमध्ये दारूगोळा, सेट, ब्लँकेटं दिली, शेवटी ते भांडं. नव्या हवालदारणीने नाक मुरडलं. "ये क्या है?"

"चार्ज में है," मी म्हटलं. "रोज थोडा बचाके रखना."

रिटायर होऊन मी आता धारगळला असते. मागच्या महिन्यात त्याच पोस्टवरून फोन आला. आवाज कोवळा, कोण कुठली माहीत नाही. कंपन्या किती बदलल्या असतील तिथे! "मॅम, आप गोवा वाली ना? चार्ज-लिस्ट में आपका नंबर लिखा है. खमीर बहुत खट्टा हो गया है. फेंक दें?"

मी म्हटलं, "फेंकना नहीं. ताज़ा आटा मिलाओ."

"जी. मॅम, ये शुरू किसने किया था?"

फोनवर नाव घ्यायला बंदी नाही. मी म्हटलं, "हवालदार फिलोमेना. डिचोली, गोवा."

तिने सेटवर मेसेज परत म्हणतात तसं म्हटलं, "हवालदार फिलोमेना. डिचोली, गोवा."

"रॉजर," मी म्हटलं.